शहरातल्या प्रोग्रामिंग गटाचा ऑनलाइन मीटअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातला प्रोग्रामिंग गट ऑनलाइन जमायचं ठरवतो, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इथे आधी येणाऱ्यांचे, मग बोलणाऱ्यांचे आणि शेवटी भरवणाऱ्यांचे प्रश्न घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक पायथन या प्रोग्रामिंग भाषेची आहेत, पण जावास्क्रिप्ट, रस्ट किंवा फ्लटरच्या गटालाही जवळपास सगळं लागू पडतं. मोफत खात्यांच्या मर्यादा कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून तारीख जाहीर करण्याआधी त्या एकदा तपासून घ्या.

१. ऑनलाइन मीटअप म्हणजे वेबिनारच ना?

नाही. वेबिनारमध्ये एक बोलतो, बाकीचे ऐकतात आणि ऐकणाऱ्यांचे माइक बंद असतात. मीटअपला कुणीही मध्ये विचारू शकतो. चालणारा साचा दीड तासाचा: पहिली १० मिनिटं ओळखी, मग २५ मिनिटांचं मुख्य भाषण आणि १० मिनिटं प्रश्न, त्यानंतर पाच-पाच मिनिटांची तीन-चार छोटी भाषणं आणि उरलेला वेळ मोकळ्या गप्पा. पुष्कळ जण त्या शेवटच्या गप्पांसाठीच येतात. मुलाखतीत काय विचारलं, कुठल्या लायब्ररीने वैताग आणला, हे स्लाइडवर येत नाही. म्हणून वेळ कमी पडला तर भाषण आखडतं घ्या, गप्पा नाही.

२. मला अजून कोडिंग नीट येत नाही. आलो तर चालेल का?

चालेल. फक्त भाषणाची घोषणा नीट वाचून या. "डेकोरेटर माहीत असावेत" असं लिहिलं असेल आणि तुम्ही अजून लूपपाशी असाल, तर मुख्य भाषण डोक्यावरून जाईल. त्या दिवशी छोट्या भाषणांच्या वेळेला आलात तरी हरकत नाही. घोषणा लिहिणाऱ्यांनीही "सर्वांसाठी" असं मोघम लिहू नये. भाषण समजायला आधी काय यायला हवं, ते एका ओळीत सांगावं.

३. फी किती असते?

बहुतेक गट काहीच घेत नाहीत. खर्च आलाच तर व्हिडिओ कॉलच्या सशुल्क खात्याचा येतो. तो टाळायचा कसा, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

४. बोलायचं मराठीत की इंग्रजीत? एखादा अमराठी माणूस आला तर?

घोषणेतच भाषा लिहा, म्हणजे निम्मा घोळ मिटतो. बोलणं मराठीत, स्लाइड आणि कोड इंग्रजीत, हा मेळ सगळ्यात सोपा जातो. तांत्रिक शब्द ऑफिसात वापरता तेच वापरा. प्रश्न कुणीही कुठल्याही भाषेत विचारावा. गोव्याहून, बेळगावहून किंवा बंगळुरूहून येणारे सदस्य असतील तर हे आधीच सांगून टाका.

मराठी न कळणारा एक जण आला की सगळे आपसूक हिंदीवर उतरतात आणि ज्यांना मराठीतच मोकळं बोलता येतं ते गप्प होतात. त्यापेक्षा एका सदस्याला चॅटमध्ये दर पाच-सात मिनिटांनी दोन ओळींचं इंग्रजी सार लिहायला सांगा. पाहुणाही अडत नाही, बैठकही फिरत नाही.

५. फोनवरून, दिवसाच्या दीड जीबी डेटात जमेल का?

हिशेब साधा आहे: सेकंदाला १ मेगाबिट वेगाने डेटा जात असेल, तर तासाला ४५० एमबी संपतात. बऱ्याच जणांचे कॅमेरे चालू असलेली बैठक तुमच्या फोनवर १ ते १.५ मेगाबिट सहज खाते, म्हणजे दीड तासात सुमारे ७०० ते १००० एमबी. तुमचा स्वतःचा कॅमेरा चालू असेल तर तुमच्याकडून अपलोड होणारा डेटा वेगळा. तेव्हा जमेल, पण काठावर.

वाचवायचं असेल तर आपला कॅमेरा बंद ठेवा. गूगल मीटच्या सेटिंगमध्ये डेटा वापर मर्यादित करण्याचा पर्याय आहे, जित्सी या व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये गुणवत्ता खाली आणता येते. नुसता आवाज ऐकायचा असेल तर खर्च अगदी किरकोळ होतो. फोनवर खरी अडचण डेटापेक्षा अक्षरांची येते. सहा इंची पडद्यावर कोड वाचता येत नाही. त्यामुळे वक्त्याने सुरुवातीलाच कोडची लिंक चॅटमध्ये टाकली का ते बघा, नसेल तर मागा.

६. कॅमेरा चालू ठेवावाच लागतो का?

नाही. ओळखीच्या १० मिनिटांत चेहरा दिसला तर बरं वाटतं, एवढंच. घरात जागा नाही, कुणी झोपलंय, केस विंचरलेले नाहीत, यांतलं कुठलंही कारण पुरेसं आहे आणि ते सांगायचीही गरज नाही. आयोजकांनी "सगळ्यांनी कॅमेरे चालू करा" म्हणू नये.

७. वेळ रविवारी सकाळी ११ चीच का? परदेशातल्यांनी काय करायचं?

सकाळी ११ ही शहरातल्या लोकांची सोय आहे: चहा-नाश्ता झालेला, जेवणाला अजून अवकाश. पण भारतात ११ वाजतात तेव्हा हिवाळ्यात लंडनमध्ये पहाटेचे साडेपाच, न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेबारा आणि कॅलिफोर्नियात शनिवार रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. गटातले बरेच जण बाहेर गेले असतील तर अधूनमधून संध्याकाळी ६ ची वेळ घ्या. तेव्हा हिवाळ्यात दुबईत साडेचार, सिंगापुरात रात्रीचे साडेआठ, लंडनमध्ये दुपारचे साडेबारा आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात असतात. कॅलिफोर्नियावाल्यांना मात्र पहाटे साडेचारला उठावं लागेल. त्यांच्यासाठी सकाळची ११ च बरी.

वर्षातून दोनदा हे गणित तासाभराने सरकतं. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आपली घड्याळं हलत नाहीत. म्हणून संदेशात नुसतं "११ वाजता" लिहिण्यापेक्षा कॅलेंडरचं निमंत्रण पाठवा आणि त्यात वेळक्षेत्र आशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, ठेवा. बाकीचं प्रत्येकाचा फोन बघून घेतो. आणि हो, भारताचा क्रिकेट सामना आणि गणपतीचे दिवस बघूनच तारीख ठरवा.

८. मला बोलायचंय, पण विषय काय घेऊ?

गेल्या तीन महिन्यांत ज्या अडचणीने तुमचा निदान एक दिवस खाल्ला, ती अडचण हाच विषय. "मशीन लर्निंगची ओळख" असले विषय नकोत. त्याची उत्तम भाषणं आधीच भरपूर आहेत.

मराठी गटाला एक हक्काचं रान मोकळं आहे: देवनागरी मजकूर. पायथनमध्ये "नमस्कार" या शब्दाची लांबी ७ येते, कारण स नंतरचा हलन्त आणि क चा काना वेगळे मोजले जातात. शब्द अक्षराअक्षराने उलटा केला की काना-मात्रा भलत्याच अक्षरांना चिकटतात. त्याहून मजेशीर म्हणजे "दुसऱ्या" हा शब्द. त्यातला अर्धचंद्री र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: एकदा नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलन्त देऊन, आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह, टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेतला की एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ते सारखं करणाऱ्या रूपात) आणलं तरी हे दोन एक होत नाहीत. जोडकवालं रूप स्वतः शोधून बदलावं लागतं. मतदारयादी, ग्रंथालयाची सूची, दुकानाचा हिशेब, जिथे मराठी नावं शोधायची असतात तिथे हे आडवं येतं. एवढ्यावर २५ मिनिटं आरामात निघतात.

पहिल्यांदाच बोलत असाल तर पाच मिनिटांचं छोटं भाषण घ्या. पुढे पायकॉन इंडियासारख्या पायथनच्या परिषदेत बोलायचं मनात असेल, तर आधीच्या एखाद्या भाषणाचं रेकॉर्डिंग प्रस्तावासोबत देता येतं, तेही इथेच तयार होतं. ही परिषद २००९ साली बंगळुरूत सुरू झाली, २०११ मध्ये पुण्यात भरली आणि २०२० मध्ये ऑनलाइन झाली.

९. लाइव्ह कोडिंग करू का? लोकांना काही दिसत नाही म्हणतात.

सगळ्यांसमोर कोड लिहून दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण अक्षर मोठं ठेवा. एडिटर (जिथे कोड लिहितो) आणि टर्मिनल (जिथे आदेश टाइप करतो) दोन्हींत २० ते २४ पॉइंट. एका ओळीत ७० च्या वर अक्षरं बसत असतील तर अक्षर अजून लहान आहे. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरं ठेवा: काळ्या थीमवरचा करडा रंग व्हिडिओत दाबला गेला की मातकट होतो, आणि कॉमेंट बहुधा नेमक्या त्याच रंगात असतात. ओळींचे क्रमांक चालू ठेवा, म्हणजे "ओळ १४ मध्ये काय केलं?" असं विचारता येतं.

झूममध्ये स्क्रीन शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीचा पर्याय निवडू नका. त्यात हालचाल गुळगुळीत दिसते, पण अक्षरं धूसर होतात. आख्खी स्क्रीन न देता एकच खिडकी द्या. दोन खिडक्या लागत असतील तर एडिटरच्या आतलंच टर्मिनल वापरा. प्रत्येक टप्प्याचा कोड आधी गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवा. टायपिंगमध्ये अडकलात तर सरळ पुढच्या कमिटवर (जपलेल्या आवृत्तीवर) उडी मारा. सगळ्यांसमोर १० मिनिटं कंस शोधत बसू नका.

१०. "स्क्रीन शेअर" दाबलं की काळा चौकोन दिसतो किंवा काहीच होत नाही.

मॅकवर हा परवानगीचा प्रश्न असतो. सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली स्क्रीन रेकॉर्डिंगची यादी आहे, तिथे ब्राउझरला किंवा झूमला परवानगी द्या. दिल्यावर ते ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं, म्हणजे तुम्ही कॉलमधून बाहेर पडता. ऐन भाषणात हे करणं म्हणजे तीन मिनिटांचा खोळंबा.

लिनक्सवर बहुधा वेलँडचा (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीचा) मामला असतो. ॲपला स्क्रीन मिळवून देणारी पाइपवायर आणि तुमच्या डेस्कटॉपचं एक्सडीजी पोर्टल ही पॅकेजं बसवलेली हवीत. ऐनवेळी जमत नसेल तर ॲप सोडा आणि फायरफॉक्स किंवा क्रोममधून कॉलला या. तिथे शेअरिंग चालण्याची शक्यता जास्त. दोन्ही गोष्टी तालमीत कळतात. तालीम आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर, त्याच जागेवरून, १५ मिनिटं.

११. माझा आवाज घुमतो किंवा डबक्यातून आल्यासारखा येतो. नवा माइक घेऊ का?

आधी घरातला वायरवाला इअरफोन लावून बघा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की बहुतेक इअरफोन फोन कॉलच्या दर्जावर उतरतात; डबक्यासारखा आवाज त्यामुळे येतो. आवाज घुमत असेल तर दोष बहुधा तुमचा नसतो. कुणीतरी स्पीकरवर ऐकतंय आणि त्याचा माइक उघडा आहे. होस्टने सगळ्यांना एकदम म्यूट करावं, घुमणं थांबलं की एकेकाला उघडावं.

चित्र अडखळलं तर लोक थांबतात, आवाज अडखळला तर उठून जातात. पैसे खर्चायचेच असतील तर कॅमेऱ्याआधी आवाजावर खर्चा.

१२. बोलता बोलता एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) स्क्रीनवर दिसली. रेकॉर्डिंगमधून तेवढा भाग कापला की झालं ना?

नाही झालं. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं, कुणीतरी स्क्रीनशॉटही काढला असेल. आहात तिथे थांबा, सेवेच्या पानावर जाऊन ती की रद्द करा, नवी बनवा, मग पुढे चला. दोन मिनिटं जातात, कुणी हसत नाही. कापाकापी नंतरची.

अशा गळत्या तीन ठिकाणी होतात: एडिटरच्या डाव्या पट्टीत उघडी राहिलेली, अशा किल्ल्या ठेवलेली एन्व्ह फाईल, टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबल्यावर उगवणारा जुना आदेश आणि ब्राउझरच्या पत्त्यात लिहिलेला टोकन (तसाच गुप्त संकेत). त्यावर उपाय म्हणजे डेमोसाठी लॅपटॉपवर वेगळा वापरकर्ता बनवणं. त्यात ना जुना इतिहास असतो, ना व्हॉट्सॲपच्या सूचना, ना बँकेचे बुकमार्क.

१३. स्लाइडमधलं मराठी माझ्याकडे नीट दिसतं, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फुटतं. आणि मध्येच लाइट गेली तर?

फुटतं कारण फाँट तिथे नाही. पीडीएफ करून पाठवा, फाँट आतच जातो. नोटो सान्स देवनागरी, मुक्त आणि बलू हे मोफत फाँट पडद्यावर चांगले वाचता येतात. एचटीएमएलची स्लाइड असेल तर भाषेच्या गुणधर्मात मराठीचा कोड लिहा. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. टर्मिनलमध्ये मात्र मराठीचा हट्ट धरू नका. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं आणि वेलांट्या मोडतात. मराठी आउटपुट दाखवायचंच असेल तर ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये कोड चालवायच्या वहीत) दाखवा.

लाइटचं म्हणाल तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, बंद पडतो तो राउटर. फायबर जोडणी असेल तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्यालाही वीज लागते. दोन्हींना बॅकअप नसेल तर नुसत्या राउटरच्या यूपीएसचा उपयोग नाही. दुसरी सोय फोनच्या हॉटस्पॉटची. भाषणापूर्वीच लॅपटॉप एकदा त्याला जोडून ठेवा, म्हणजे पासवर्ड शोधावा लागत नाही. स्लाइडची एक प्रत आयोजकाकडे असू द्या: तुम्ही फोनवरून नुसतं बोलायचं, स्लाइड त्याने सरकवायच्या. पुण्यात गुरुवार हा वीज-पाण्याच्या देखभालीचा वार, त्या दिवशी तालीमही ठेवू नका.

१४. झूम, मीट, जित्सी की बिगब्लूबटन?

गट ३० ते ४० जणांचा असेल तर कुठलंही चालतं; फरक मर्यादांचा आहे. झूमचं मोफत खातं १०० जणांना घेतं, पण ४० मिनिटांनी कॉल तोडतं. मोफत मीटही १०० जणांना घेतं आणि तिघे किंवा जास्त असले की ६० मिनिटांनी संपतं. मोफत मीटमध्ये रेकॉर्डिंग नाही, छोट्या खोल्या (लोकांना लहान गटांत वाटायची सोय) नाहीत. दीड तासाच्या बैठकीला दोन्ही अपुरी. "तुटलं की पुन्हा त्याच लिंकवर या" हा तोडगा कागदावर ठीक आहे, पण दर तुटण्याला काही लोक गळतात.

जित्सी मुक्त स्रोत आहे आणि त्यात अशी वेळेची कात्री नाही. ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या सार्वजनिक सर्व्हरवर खोली उघडणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. येणाऱ्यांना खातं लागत नाही. पंधरा-वीस कॅमेरे चालू झाले की जुने लॅपटॉप तापतात, तेव्हा वक्ता सोडून बाकीचे कॅमेरे बंद ठेवायला सांगा. बिगब्लूबटन शिकवण्यासाठी बनलेलं आहे: फळा, मतदान, छोट्या खोल्या, सगळं आत. पण सर्व्हर तुम्हाला चालवावा लागतो, आणि त्याला ८ कोर व १६ जीबी रॅम लागते असं त्याचंच मार्गदर्शन सांगतं. महिन्यातून दीड तासासाठी तो व्याप कशाला? गटातल्या कुणाच्या कॉलेजकडे किंवा कंपनीकडे सशुल्क खातं असेल तर लेखी परवानगी घेऊन तेच वापरावं.

१५. यूट्यूबवर थेट दाखवायचं आहे. काय तयारी लागते?

नव्या चॅनेलवर थेट प्रक्षेपण चालू करायला फोन क्रमांकाची पडताळणी लागते आणि मग परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ जातो. शनिवारी रात्री चॅनेल काढून रविवारी सकाळी प्रक्षेपण, हे होत नाही.

ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ७२० रेषा, सेकंदाला ३० फ्रेम, २५०० किलोबिट व्हिडिओ, १२८ किलोबिट आवाज आणि कीफ्रेम (पूर्ण चित्र) २ सेकंदांनी ठेवा. तासाला ११०० ते १२०० एमबी अपलोड होतात, आणि त्यासाठी अपलोडचा वेग निदान ५ मेगाबिट हवा. डाउनलोडचा आकडा इथे निरुपयोगी. वायफायऐवजी केबल लावा. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाईल प्रकारात ठेवा: साध्या एमपीफोरमध्ये लॅपटॉप मध्येच बंद पडला तर आख्खी फाईल जाते, एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग वाचतो. नंतर ओबीएसमधूनच एमपीफोर करता येतं.

यूट्यूबवर बघणारे काही सेकंद मागे असतात. "काही प्रश्न?" विचारून तीन सेकंदांत पुढे गेलात तर त्यांचा प्रश्न कधीच पोचत नाही. सुरू होण्याआधी चित्रपटगीत लावू नका. स्वामित्वहक्काच्या दाव्यात व्हिडिओ अडकतो.

१६. लिंक सगळीकडे टाकू का? आणि कुणी घुसून गोंधळ घातला तर?

घोषणा सगळीकडे टाका, लिंक टाकू नका. लिंक नोंदणी केलेल्यांना आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा अर्धा तास आधी मेलने पाठवा. मोफत जीमेलमधून दिवसाला ५०० जणांनाच मेल जाते, आणि पत्ते बीसीसीमध्येच (इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात) हवेत.

सेटिंग आधीच लावा: वेटिंग रूम चालू, स्क्रीन शेअर फक्त होस्टला, पडद्यावर रेघोट्या मारण्याची सोय बंद, स्वतःचं नाव बदलणं बंद. एवढ्यावरही कुणी घुसलं तर त्याच्याशी वाद घालू नका. झूममध्ये सगळ्यांच्या हालचाली एकदम थांबवण्याचं बटण होस्टच्या साधनांच्या (होस्ट टूल्स) मेनूत आहे. ते दाबा, माणसाला काढा, बैठकीला कुलूप लावा आणि कुणी अश्लील काही पाहिलं असेल तर एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करून पुढे चला. थेट प्रक्षेपण चालू असेल तर आधी ते थांबवा.

१७. हे सगळं सांभाळायला किती माणसं लागतात?

तीन. एक बोलतं करणारा, एक चॅटमधले प्रश्न गोळा करणारा, एक वेटिंग रूम आणि रेकॉर्डिंग बघणारा. तिघेही पहिल्या मिनिटालाच सहहोस्ट झालेले हवेत, म्हणजे होस्टचं नेट गेलं तरी सूत्रं कुणाच्या तरी हातात राहतात. एकट्याने करायला गेलात तर चॅटमधले प्रश्न नजरेतून निसटतात, नाहीतर दाराशी लोक ताटकळतात.

१८. नोंदणीच्या फॉर्ममध्ये काय काय विचारायचं? व्हॉट्सॲप गट काढला तर?

नाव आणि ईमेल. फार तर "तुम्हाला काय ऐकायला आवडेल?" जन्मतारीख, कंपनी, फोन नंबर कशाला हवाय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: कामापुरतीच माहिती घ्या, काम झालं की पुसा. गूगल फॉर्ममध्ये उत्तरांचा सारांश सगळ्यांना दाखवण्याचा पर्याय बंद असल्याची खात्री करा. तो चालू राहिला तर नोंदणी करणाऱ्याला आधीच्यांची उत्तरं दिसतात.

व्हॉट्सॲप गटात १०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो. मुली गटात येऊन निघून जातात त्यामागे पुष्कळदा नंतर येणारे खासगी मेसेज असतात. नुसत्या घोषणा करायच्या असतील तर व्हॉट्सॲपच्याच कम्युनिटी या सोयीतला घोषणा गट वापरा, तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चर्चा हवी असेल तर टेलिग्राम किंवा डिस्कॉर्ड.

१९. रेकॉर्डिंगला सगळ्यांची परवानगी लागते का? १८ वर्षांखालची मुलं आली तर?

वक्त्याची लेखी परवानगी घ्या, मेलवर एक ओळ पुरते. ऐकणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा, आणि मुख्य भाषण व त्यावरचे प्रश्न एवढंच रेकॉर्ड करा. गप्पा सुरू होण्याआधी "रेकॉर्डिंग बंद केलं" असं मोठ्याने म्हणा, तेव्हाच लोक मोकळे होतात. नंतर वक्त्याने व्हिडिओ काढा म्हटलं तर कारण न विचारता काढा. स्लाइडवर परवाना लिहायला सांगा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश परवाना (मूळ लेखकाचं नाव देऊन कुणीही वापरावं असा) बहुतेकांना चालतो.

वर सांगितलेल्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. शाळा-कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांना बोलवायचं असेल तर नोंदणी पालकांच्या नावाने आणि मेलने घ्या, मुलाचा आवाज-चेहरा रेकॉर्ड करू नका आणि आयोजकांनी त्यांच्याशी खासगी चॅट टाळा.

२०. सगळ्यांनी बरोबर कोड लिहायची कार्यशाळा ऑनलाइन जमते का?

जमते, पण दीड तासातला पाऊण तास इन्स्टॉलेशन खातं. विंडोजवर ठरलेल्या दोन अडचणी: पायथन बसवताना पाथमध्ये (संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या यादीत) जोडण्याच्या चौकोनात खूण करायची राहते, आणि मग टर्मिनलमध्ये पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. म्हणून पहिली कार्यशाळा ब्राउझरमधल्या नोटबुकवर घ्या, गूगल कोलॅबवर किंवा तशाच दुसऱ्या सोयीवर. छोट्या खोल्यांत पाच-पाच जण आणि प्रत्येक खोलीत एक मदतनीस. मदतनीस चार असतील तर २० जणांचीच नोंदणी घ्या.

२१. निम्मे जण हॉलमध्ये आणि निम्मे ऑनलाइन असं करता येईल?

हे सगळ्यात अवघड आहे. दोन्हींकडचे लोक नाराज होण्याची सोय म्हणा ना. करायचंच असेल तर हॉलमध्ये आवाज देणारं-घेणारं एकच यंत्र ठेवा. बाकी कुणी लॅपटॉपवर कॉल उघडला तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर किंचाळी उठते. हॉलमधला प्रश्न वक्त्याने माइकवर पुन्हा म्हणावा. ऑनलाइनवाल्यांचे प्रश्न आधी घ्या, कारण त्यांचा हात कुणाला दिसत नाही.

२२. वक्ता आलाच नाही. आता?

१० मिनिटं वाट बघा, मग सरळ सांगून दुसरं सुरू करा. हाताशी एक सामूहिक कोडवाचन तयार ठेवा. पायथनचं "धिस" हे मॉड्यूल (पायथनसोबत येणारी छोटी कोड फाईल) त्यासाठी झकास आहे: चांगल्या कोडची तत्त्वं छापणारं हे मॉड्यूल स्वतःचा मजकूर आरओटी-१३ मध्ये (प्रत्येक अक्षर १३ जागा सरकवणाऱ्या सांकेतिक पद्धतीत) लपवतं आणि तो उलगडणारा कोड त्याच तत्त्वांना हरताळ फासतो. अर्धा तास छान जातो. वक्त्याला त्या दिवशी सुनावू नका, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा.

२३. एखादी कंपनी पैसे देते म्हणते, बदल्यात भरतीची जाहिरात हवी आहे.

शेवटी तीन मिनिटं द्या, मुख्य भाषण देऊ नका. जाहिरातीत काम, गाव, अनुभव आणि पगाराचा पल्ला चारही सांगायला लावा. पगार "मुलाखतीत ठरेल" असेल तर जागा देऊ नका. नोंदणीची यादी कुठल्याही रकमेला देऊ नका, ती देण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही (प्रश्न १८).

२४. तक्रार आयोजकाविरुद्धच असेल तर कुणाकडे करायची?

म्हणूनच तक्रारीचा पत्ता गटाच्या सामाईक मेलबॉक्सचा नको, तो सगळे आयोजक वाचतात. आचारसंहितेत दोन माणसांचे वेगवेगळे पत्ते द्या, त्यांतला निदान एक जण आयोजक मंडळाबाहेरचा. तक्रार आली की पोच ४८ तासांत. चौकशी चालू असेपर्यंत त्या आयोजकाची होस्टची सूत्रं, व्हॉट्सॲपवरचं ॲडमिनपद आणि रेकॉर्डिंगच्या ड्राइव्हचा प्रवेश काढून घ्या. चॅटची नोंद आणि रेकॉर्डिंगची मूळ फाईल बाहेरच्या त्या व्यक्तीकडे आधी उतरवून घ्या, कारण मोफत खात्यांत मालक बदलला किंवा खातं बंद झालं की जुनं चॅट परत मिळेलच असं नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव घोषणेत, निर्णयात किंवा पुढच्या मीटअपच्या गप्पांत येता कामा नये. गट लहान असेल तर तारीख आणि प्रसंगही मोघमच सांगा, नाहीतर नाव न घेताही ते सगळ्यांना कळतं.